प्रभुभोजनाला न उठलेली आई, आणि रिक्षातला प्रश्न

जाईजुई | रविवार, रात्री ९.५०

सगळ्यांना सलाम. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

आज उपासनेहून परतताना रिक्षात लेकीने विचारलं, "मम्मी, तू टेबलाकडे का जात नाहीस? मागच्या वेळीपण नाही गेलीस." चौथीत आहे ती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि मी चार महिने जागची उठलेले नाही. बाकावरच्या बायका उठल्या की गुडघे बाजूला करून त्यांना वाट देते आणि गीतांच्या पुस्तकात डोकं घालते. कुणाच्या लक्षात येत नसेल, असं वाटत होतं.

कारण आहे माझी थोरली जाऊ. तीही याच मंडळीतली, माझ्यापुढे चार बाक सोडून बसते. माझ्या सासूबाई जुलैत गेल्या. शेवटची तीन वर्षं त्या आमच्याकडे येरवड्याला होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रंदिवस कूस बदलायची, पातळ भात भरवायचा, अंग पुसायचं, सगळं मी केलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती, तेव्हा त्यांनी मला लेकीसारखं वागवलं होतं.

दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी जाऊबाई आल्या आणि आईंचं बायबल पिशवीत घालून खडकीला घेऊन गेल्या. मला विचारलंसुद्धा नाही. काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड बायबल आहे ते. पुढच्या कोऱ्या पानांवर सासऱ्यांच्या आजोबांपासून घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहिलेले आहेत. माझ्या लग्नाची तारीख आईंच्या अक्षरात आहे. लेकीच्या जन्माचीही त्यांच्याच अक्षरात, पण तोवर हात थरथरायला लागला होता.

बायबलातलं मत्तय ५:२३-२४ लहानपणापासून ऐकलेलं आहे. अर्पण वेदीपाशी आणल्यावर भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेवायचं, आधी समेट करायचा. मनात इतका राग घेऊन भाकरीला हात लावू नये, म्हणून मी बसून राहते. रिक्षात लेकीला हेच समजावलं. बंडगार्डनच्या पुलापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "मग तू मोठ्या मम्मीकडे कधी जाणार आहेस?"

मला उत्तर देता आलं नाही. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय की मुलांना घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना वचनं शिकवा. मी शिकवते. स्तोत्र २३ तिला पाठ आहे, दहा आज्ञा पाठ आहेत. आज वाटेने चालताना तिने मला शिकवलं.

तुम्हाला घरात, मंडळीत असं काही शिकायला मिळालं असेल तर लिहा. उपदेशातलं नको, रोजच्या जगण्यातलं हवंय. आणि माझ्या गोष्टीवर स्पष्ट बोललात तरी चालेल.

शब्बाथशाळेची_बाई | रविवार, रात्री १०.३०

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. माझा एक अनुभव लिहिते.

मी शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या मुलांच्या रविवारच्या वर्गांत, लहान वर्ग घेते. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट नाटक करून घेत होते. वाटेत पडलेल्या जखमी माणसाला टाळून लेवी दुसऱ्या बाजूने निघून जातो आणि परका शोमरोनी त्याची काळजी घेतो, ती. लेवी व्हायला कुणीच तयार होईना. सगळ्यांना शोमरोनी नाहीतर गाढव व्हायचं होतं. एक मुलगा म्हणाला, "मी होतो लेवी. त्याला घाई असेल, टीचर." या मुलाचे वडील दर रविवारी त्याला फाटकाशी सोडतात आणि गाडी वळवून निघून जातात. मंडळीत यावर बोललं जातं आणि त्या बोलण्यात मीही होते. लेकराला पाठवतो, स्वतः मात्र देवळाची पायरी चढत नाही, असं.

त्या दिवशी त्याला विचारलं, पप्पांना कसली घाई असते रे? तो म्हणाला, "ते रात्रभर हॉस्पिटलमध्ये असतात. मला सोडून झोपायला जातात." वॉर्डबॉय आहेत ते. रात्रभर लोकांना उचलून, पुसून, स्ट्रेचर ढकलून हा माणूस मुलाची शाळा चुकू नये म्हणून घरी जाऊन अंघोळ करून त्याला घेऊन येत होता. म्हणजे शोमरोनी दर रविवारी फाटकाशी येत होता आणि दुसऱ्या बाजूने निघून जाणारी मी होते. पुढच्या रविवारी फाटकाशी जाऊन त्यांना चहाचा कप दिला. एवढंच करता आलं.

मुक्ता_स | सोमवार, सकाळी ८.१५

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनापासून वाचते आहे. माझ्या माहेरी दोन चुलत्यांत अबोला होता, तेव्हा गौरीच्या जेवणाला एक घर यायचंच नाही. त्यामुळे ताईंचं बसून राहणं मला आतून कळलं. एक विचारू? प्रभुभोजन म्हणजे आमच्या प्रसादासारखं का? ते न घेणं इतकं मोठं का असतं?

गुरुवारपेठकर | सोमवार, सकाळी ११.००

मुक्ताताई, चांगलं विचारलंत. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभु येशू शिष्यांबरोबर जेवायला बसले. भाकर मोडून दिली, प्याला दिला आणि माझ्या स्मरणार्थ हे करा म्हणाले. तेच आम्ही करतो. भाकरीचा एक लहानसा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. प्रसाद घरीही नेता येतो, हे मात्र सगळ्यांनी मिळून घ्यायचं असतं. म्हणून एक माणूस बसून राहिला की मंडळी तेवढी अपुरी राहते.

माझं बालपण पंचहौदच्या आवारात गेलं. होली नेम चर्चचा घंटामनोरा खिडकीतून दिसायचा. हे देऊळ १८८५ चं. १८९० साली याच मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या पुण्यातल्या मातब्बर मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे नावं छापून आली आणि ख्रिस्त्यांच्या हातचं घेतलं म्हणून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहापायी! शाळेत हा प्रसंग इतिहास म्हणून शिकवतात, आमचे वडील मात्र तो जेवणाच्या ताटावर सांगायचे. सांगून झालं की आम्हा भावंडांना विचारायचे, "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" काय खाल्लं हे त्यांनी कधी विचारलं नाही. रोज नवं नाव सांगता यावं म्हणून मी वर्गात मुद्दाम कोपऱ्यातल्या मुलांशेजारी जाऊन बसायचो. त्यांतला एकजण आज सत्तरीतही माझा मित्र आहे.

जाईजुई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण तुमची जाऊ चार बाक पुढे बसून उठते तेव्हा मागे तुम्ही बसलेल्या आहात, हे तिलाही माहीत असणार.

स्पष्टच_लिहितो | सोमवार, दुपारी १.२०

मी वेगळं मत मांडतो. ताई बसून राहतात हेच बरोबर आहे. आमच्याकडे लोक शनिवारी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत एकमेकांची उणीदुणी काढतात आणि रविवारी पहिल्या रांगेत हात पुढे करतात. अयोग्य रीतीने खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, असं प्रेषित पौल बायबलात सांगतो. तीन वर्षं सेवा करणाऱ्या बाईला न विचारता वस्तू नेणं हा अन्याय आहे. आधी जावेने यावं. समेटाचा भार दर वेळी ज्याचं गेलं त्यानेच का उचलायचा?

जाईजुई | सोमवार, दुपारी २.००

दादा, खरं सांगते, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणूनच थोडी भीतीही वाटली.

केडगाव_लाइन | सोमवार, रात्री ९.०५

माझी आजी पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. रमाबाईंना तिने पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या बायांनी तिला वाढवलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या बाईला कळेल अशा मराठीत आणलं. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्याही मुक्तीतल्याच बायका. काम संपत आलं असताना १९२१ साली त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. ग्रंथ छापून पूर्ण झाला १९२४ मध्ये. आजी हे सांगताना दर वेळी मनोरमाबाईंपाशी थांबायची. म्हणायची, लेक पुरून आलेली आई दुसऱ्या दिवशी कुठल्या ओळीपासून वाचायला बसली असेल गं?

आता घरातलं. मी आणि माझी बहीण भांडलो की आजी ओरडायची नाही. मोठ्या सुपात डाळ घ्यायची आणि दोघींना समोरासमोर बसवून निवडायला लावायची. एकीने रागाने सूप ओढलं की डाळ दुसरीच्या मांडीत. पाव किलो डाळ होईपर्यंत उठायचं नाही आणि बोलायची सक्तीही नाही. बहुतेकदा आम्ही न बोलताच उठायचो, पण ते वेगळं न बोलणं असायचं.

आजीचं बायबल आता मामीकडे आहे. मला हवं होतं. अजूनही हवं आहे. वर्षातून एकदा दौंडला जाते, मामीच्या पलंगावर बसून ते वाचते आणि परत ठेवून येते. ताई, बायबल मिळेल की नाही ते माहीत नाही, पण पानं वाचायला तर जाता येईल.

निवृत्त_पाळक | मंगळवार, सकाळी ६.४०

प्रिय बहिणी, ग्रामीण मंडळ्यांत आणि नंतर पुण्यात मिळून बरीच वर्षं पाळकी, म्हणजे धर्मगुरूचं काम, केली, त्या आधारावर लिहितो.

आधी स्पष्टच_लिहितो यांचा मुद्दा. पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं (१ करिंथ ११) ते वचन मीही तरुणपणी तसंच शिकवलं. एका गावात वेदीवरून बजावलं की ज्यांचं भांडण असेल त्यांनी पुढे येऊ नये. पुढच्या महिन्यात अर्धी मंडळी बसून राहिली. जे उठून आले ते सगळे स्वतःविषयी निःशंक असलेले. ज्या विधवेने शेजारणीचा उसना तांदूळ परत केला नव्हता म्हणून ती कोपऱ्यात रडत बसली, तिच्या हाती मी भाकर दिली नाही. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

नंतर तो अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. करिंथात हे खरंखुरं जेवण होतं. पैसेवाले लवकर येऊन पोटभर खायचे, कष्टकरी उशिरा यायचे तेव्हा भांडी रिकामी. पौल संतापला आहे तो या गोष्टीवर. अयोग्य रीत म्हणजे दुसऱ्याला उपाशी ठेवून खाणं. आणि अठ्ठाविसाव्या वचनात तो म्हणतो की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षेचा शेवट खाण्यात आहे, उपाशी राहण्यात नाही. पहिल्या प्रभुभोजनाच्या टेबलावर विश्वासघात करणाऱ्याचा हात होता, असं लूक २२:२१ मध्ये प्रभु स्वतः सांगतात. तरी त्यांनी भाकर मोडायची थांबवली नाही.

आता मत्तय पाच. रागावू नका, पण ते वचन तुम्ही उलटं वाचलं आहे. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं आहे. जावेने तुमचं काय नेलं ते तुम्ही लिहिलंत. तिच्या मनात तुमच्याविरुद्ध काय आहे, ते धाग्यात कुठे नाही.

इथे लिहिलंच पाहिजे असं नाही. प्रार्थनेत स्वतःला विचारा.

चंदननगरकर | मंगळवार, दुपारी ४.१०

मी कॅथलिक आहे, थोडक्यात लिहितो. आमच्या मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, प्रभूची प्रार्थना झाल्यावर, ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची भाकर) घेण्याआधी सगळे एकमेकांकडे वळून शांती देतात, हात जोडून. एकदा पार्किंगमध्ये माझं आणि थोरल्या मुलाचं कडाक्याचं वाजलं होतं. आत तो मुद्दाम माझ्यापासून दोन माणसं सोडून बसला. शांती द्यायची वेळ आली, मधली दोघं आपसूक मागे सरकली आणि आम्ही समोरासमोर. त्याने हात जोडले, डोळे मात्र माझ्या बुटांवर. मी जोडले, माझाही गळा दाटलेला. भांडण घरी गेल्यावर पुन्हा झालं, पण आवाज खालचा होता. तेव्हापासून वाटतं, हे विधी आमच्यासारख्यांना ओळखूनच घालून दिलेत.

जाईजुई | मंगळवार, रात्री ११.४५

पाळकसाहेब, दिवसभर तुमचं वाक्य डोक्यात होतं. इथेच लिहिते, कारण इथे लिहिलं नाही तर मी ते पुन्हा झाकून ठेवीन.

आईंचा श्वास त्या रात्री साडेबाराला बदलला. मला कळलं होतं. तीन वर्षं ऐकलेला श्वास होता तो. नवरा म्हणाला, दादा-वहिनींना फोन करू का? मी म्हणाले, एवढ्या रात्री कशाला, पाऊस आहे, सकाळी बघू. पावणेतीनला आई गेल्या. खडकीला फोन केला साडेपाचला.

तेव्हा वाटलं होतं मी त्यांची झोप वाचवली. आता दिवसभर मागे-पुढे करून पाहते आहे तर ते तसं नव्हतं. मला आई माझ्या एकटीच्या हव्या होत्या. मी केलं होतं ना सगळं, मग शेवटचा हात माझ्याच हातात असावा, असं वाटत होतं. येरवड्याहून खडकी रात्री वीस मिनिटांवर आहे. दीरांना त्यांच्या आईचा जिवंत हात मिळाला नाही तो माझ्यामुळे. जाऊबाईंनी दफनविधीच्या दिवशी विचारलं होतं, "कधी कळलं तुला?" मी म्हणाले, "झोपेतच गेल्या." ते खोटं होतं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला माहीत आहे, पण आम्ही बोललो नाही.

केडगाव_लाइन | बुधवार, सकाळी ७.३०

ताई, जवळ घेते तुम्हाला.

जा. फोनवर नको. बायबलाचा विषय तुम्ही काढू नका. आधी तुमचं सांगा, मग गप्प बसा. तिने काही टोचून बोललं तर बोलू द्या.

स्पष्टच_लिहितो | बुधवार, सकाळी ९.१०

सोमवारचा माझा प्रतिसाद काढून टाकणार नाही, पण तो मी अर्धीच गोष्ट ऐकून लिहिला होता. माझ्या सख्ख्या भावाशी सहा वर्षं बोलणं नाही. ज्याचं गेलं तो मीच, असं धरून चाललो आहे. त्याच्याकडून विचार करून पाहायला हवा. ताई, तुमच्यासाठी आज प्रार्थना केली.

मुक्ता_स | बुधवार, दुपारी ३.००

मीही. माझ्या पद्धतीने.

जाईजुई | शनिवार, रात्री १०.२०

काल गेले. शाळा सुटल्यावर लेकीला घेतलं आणि रिक्षाने डेक्कन कॉलेजवरून होळकर पूल ओलांडून खडकीला. लेक सोबत असली म्हणजे मधूनच परत फिरता येणार नाही, म्हणून तिला घेतलं होतं.

जाऊबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. "ये" एवढंच म्हणाल्या. लेक चुलत भावाकडे पळाली. मी समोर बसले, एक जुडी ओढली आणि निवडायला लागले. केडगावच्या ताईंची आजी आठवली. जुडी संपत आली तरी तोंड उघडेना. शेवटी देठांकडे बघत सगळं सांगितलं. साडेबारा, पाऊस, फोन, खोटं. "ताई, मला त्या एकटीला हव्या होत्या," हेही सांगितलं.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझ्या दादांना हे सांगू नकोस. निदान आत्ता तरी." पुन्हा थोड्या वेळाने, "मला वाटलंच होतं. झोपेत गेलेल्या माणसाचे केस विंचरलेले नसतात." मी आईंची वेणी घातली होती त्या रात्री. विसरूनच गेले होते.

मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. रडल्याही नाहीत, त्या रडणाऱ्यातल्या नाहीत. चहा टाकला. चहा पिताना आपणहून म्हणाल्या, "बायबल मी का आणलं माहितीय? तुझ्याकडे त्यांची तीन वर्षं आहेत. माझ्याकडे काय होतं?" यावर मला काही बोलता आलं नाही आणि मी बोललेही नाही.

मग त्यांनी कपाटातून बायबल आणलं. शेवटच्या नोंदीत आईंचं नाव आणि तारीख होती, जाऊबाईंच्या अक्षरात. आमच्या घरात मृत्यूच्या नोंदीत वेळही लिहितात, सासऱ्यांच्या आजोबांपासूनची पद्धत आहे. तिथे जागा कोरी सोडलेली होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "किती वाजता?"

"पावणेतीन," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. वर पंखा फिरत होता म्हणून पानावर हात धरून, शाई वाळेपर्यंत.

निघताना बायबल तिथेच राहिलं. मागितलं नाही, त्यांनीही देऊ केलं नाही. मेथीचा अर्धा वाटा मात्र वर्तमानपत्रात बांधून दिला. रिक्षात लेकीने विचारलं, झालं का? मी म्हटलं, सुरू झालं. दीरांना सांगायचं राहिलं आहे, ते मलाच सांगावं लागेल, जाऊबाई म्हणतील तेव्हा. डिसेंबरचा पहिला रविवार अजून थोडा दूर आहे.